घर माझं, जमीन मामेभावाची

ठाण्यात राहणारे बावन्न वर्षांचे एक वाचक लिहितात: कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि त्यांनी ती घेतली. कर्ज फेडून झाल्यावर अठरा लाख रुपये हातात आहेत. त्यातून दरमहा भाड्याचं काही उत्पन्न सुरू व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, पण ठाण्यात दुसरी खोलीसुद्धा एवढ्यात येत नाही. शहापूर तालुक्यात त्यांच्या थोरल्या मामेभावाची दोन एकर जमीन आहे. तिथे वीस फूट बाय आठ फुटांची दोन तयार घरं ठेवायची आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची, असा बेत आहे. घरं बनवून देणारा प्रत्येकी साडेसहा लाख सांगतो. त्याचा हिशेब असा: रात्रीचे पाच हजार, महिन्याच्या वीस रात्री, म्हणजे घरामागे लाख रुपये. 'जमीन घ्यायची गरजच नाही, घर उचलता येतं म्हणून परवानगीही लागत नाही,' असं तो म्हणतो. मामेभाऊ म्हणतो, 'अरे, आण तू घरं, जागेचं काय ते नंतर बघू.' पाहुण्यांच्या जेवणाचं वहिनी बघतील. वाचकांच्या पत्नीचं मत आहे की पैसे बँकेत ठेवावेत, कारण मुलाच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत. विक्रेत्याची सवलत महिनाअखेरीस संपते आणि त्याआधी पन्नास हजारांचं टोकन द्यायचं आहे. वाचक विचारतात, 'बायकोचं ऐकू की आयुष्यात एकदा तरी धाडस करू?'

नमस्कार,

'जमीन घ्यायची गरजच नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघ मारलेली आहे. तिथूनच सुरुवात करते.

जमीन विकत घ्यावी लागणार नाही हे खरं. पण घर कुठेतरी टेकणारच. ज्या जागेवर ते टेकेल तिचा सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो, त्यावर शेरे असतात, तिथे जायला रस्ता असतो किंवा नसतो, उन्हाळ्यात पाणी असतं किंवा नसतं. जमीन विकत घेणाऱ्याला जे प्रश्न सोडवावे लागतात, ते सगळे तुमच्यापुढेही आहेत. फक्त त्यांची उत्तरं तुमच्या हातात नाहीत, मामेभावाच्या हातात आहेत. त्यामुळे तुमचे अठरा लाख खरं तर एका करारात जाणार आहेत, आणि तो करार अजून कुणी लिहिलेलाच नाही. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी 'परवानगी लागत नाही' याबद्दल. आपल्या राज्याचा १९६६ चा नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, फक्त विटा-सिमेंटच्या बांधकामापुरता नाही. जमिनीच्या वापरात केलेला बदलही त्याच्या कक्षेत येतो. भाताच्या खाचरात किंवा वरकस जमिनीवर पैसे घेऊन पाहुणे उतरवायचे, तर वापर बदलला, मग घराखाली पाया असो की नुसते ठोकळे. त्याच वर्षीच्या जमीन महसूल संहितेत विनापरवाना बिनशेती वापराला दंड आहे. काही विक्रेते घराला चाकं लावून देतात आणि आता हे वाहन झालं म्हणतात. वाहन झालं तर मोटार वाहन कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, आणि वर्षभर एका शेतात उभं राहिलं तर वापराचा प्रश्न होता तिथेच राहतो. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण फिरत्या वाहनांसाठी आणि त्यांच्या थांब्यांसाठी आहे. शेतात कायमच्या ठेवलेल्या खोलीला त्याचा आधार घेता येणार नाही. येऊरच्या अनधिकृत बंगल्यांची आणि टर्फची प्रकरणं न्यायालयापर्यंत गेली, ते तुम्ही ठाण्यात राहून वाचलंच असेल. 'सगळेच करतात' हे तिथेही अनेकांनी धरून चाललं होतं.

म्हणून पहिलं काम सातबाऱ्याचं. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो मिळतो. सोबत आठ-अ (खात्याचा उतारा) आणि जुने फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदीही काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे आधी बघा. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर निर्बंध आहेत आणि शासनाच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा: कूळ म्हणून दुसऱ्या कसणाऱ्याचं नाव आहे का, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, वनासंबंधी काही शेरा आहे का. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, माहुलीचं जंगल आहे, आणि १९७५ च्या खाजगी वन कायद्याची नोंद असलेले गटही या पट्ट्यात आढळतात. अशी नोंद दिसली तर विषय तिथेच थांबवा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक सांगते, कारण शहापूर-मुरबाडकडे स्वस्तात जागा मिळते म्हणून बरेच जण जातात. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासी माणसाला भाडेपट्ट्यानेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीला शासनाची मान्यताही लागते. तोंडी ठरवून, साध्या स्टँपपेपरवर अंगठा घेऊन केलेले व्यवहार बेकायदा आहेत आणि त्यात नुकसान त्या कुटुंबाचं होतं. अशा व्यवहारात कुणीही पडू नये, कितीही स्वस्त असला तरी.

आता थोडं नाजूक. ही जमीन तुमच्या मामांची, म्हणजे तुमच्या आजोबांची असावी. म्हणजे ती तुमच्या आईच्या माहेरची जमीन आहे. फेरफार काढलेत की आजोबांनंतरची वारसनोंद समोर येईल. त्यात आईचं आणि मावशांचं नाव लागलं होतं का, पुढे त्यांनी हक्कसोडपत्र दिलं का, की नाव अजून तसंच आहे, हे कळेल. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल आणि मामेभावालाही. त्यामुळे तुम्ही सातबारा मागितलात की त्याच्या मनात वेगळीच शंका येऊ शकते. ती येण्याआधीच बोला. 'मला वाटा मागायचा नाही, माझी घरं जिथे ठेवायची त्या जागेचे कागद मला समजून घ्यायचे आहेत,' असं स्वच्छ सांगा. आणि आईचं नाव खरंच असेल, तर तो आईचा विषय आहे. त्या हयात असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला. तो हक्क घरं ठेवण्याच्या बदल्यात सोडून देऊ नका आणि घरं ठेवायला मिळावीत म्हणून पुढेही करू नका. जमीन सामाईक असेल तर आणखी एक गोष्ट: एकट्या मामेभावाचा होकार पुरत नाही, सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती हवी.

'जागेचं नंतर बघू' हे त्याचं बोलणं तुम्ही मोठेपणा म्हणून घेतलंत. तो मोठेपणा असेलही. पण आपल्याकडे जमीनवाला माणूस कागद करायला का कचरतो त्याला इतिहास आहे. कूळ कायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारी कुळं मालक झाली. कुळांना न्याय मिळाला, आणि जमीनवाल्या घरांत 'लिहून दिलं की कूळ लागतं' ही धास्ती पिढ्यान्पिढ्या उरली. तुमच्या भाड्याच्या करारातून कूळ लागणार नाही, पण त्याची भीती खरी आहे. ती तुम्ही समजून घेतलीत तर बोलणं सोपं होईल. शिवाय त्याच कूळ कायद्याचं कलम ६३ शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय पट्ट्याने द्यायलाही आडवं येतं. म्हणजे 'मामेभाऊ मला अर्धा एकर दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने देईल' हा सरळ वाटणारा मार्ग तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर सरळ नाही.

मग उरतं काय? मला सगळ्यात बरा वाटणारा मार्ग असा: व्यवसाय मामेभावाच्या नावावर, घरं तुमच्या नावावर. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे आणि ते मुख्यतः शेतकऱ्यासाठी आहे. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे त्याने करायची. जागेचा ताबा त्याच्याचकडे राहील. तुम्ही दोन घरं त्याच्या केंद्राला वापरायला द्यायची आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा घ्यायचा. यात त्याची जमीन गुंतत नाही आणि तुम्हाला पट्टा लागत नाही. मात्र पर्यटनाची नोंदणी म्हणजे बांधकामाची किंवा बिनशेतीची परवानगी नव्हे. त्या गटापुरतं काय लागतं हे शहापूरच्या तहसील कार्यालयात आणि नगररचना शाखेत गट क्रमांक घेऊन दोघांनी जाऊन विचारा, आणि मिळालेलं उत्तर लेखी मागा. ग्रामपंचायतीलाही आधीच सांगा. गावाला शेवटी कळवलेल्या गोष्टीला गाव साथ देत नाही.

करारात काय असावं याबद्दल लोक फक्त टक्केवारीवर भांडतात. तुमच्यासाठी बाहेर पडण्याचा रस्ता जास्त महत्त्वाचा आहे. घर उचलता येतं म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा: ट्रेलर आला पाहिजे, हायड्रा क्रेन आली पाहिजे, आणि दोन्हींना पेलेल असा रस्ता हवा. त्या भागात जूनपासून दिवाळीपर्यंत कच्च्या वाटेवर ट्रेलर रुततो. म्हणजे मामेभावाने जुलैत 'महिनाभरात घरं काढ' म्हटलं तर तुम्ही कायद्याने मालक असूनही काढू शकणार नाही. म्हणून नोटिशीची मुदत किमान सहा महिन्यांची ठेवा आणि घरं हलवायला कोरड्या दिवसांतले दोन महिने मिळतील असं स्पष्ट लिहा. वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्याचीही लेखी संमती घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेकरूने जमिनीला जोडलेली वस्तू काढून नेण्याचा हक्क दिला आहे, पण ताबा असेपर्यंतच. ताबा गेला की तो हक्कही गेला. तुमच्याकडे तर पट्ट्याचा ताबाही नसेल, त्यामुळे घरं तुमची आहेत आणि ती नेण्याचा हक्क तुमचा आहे, हे करारातच यायला हवं. घरांचं बिल तुमच्या नावावर, त्यांचे क्रमांक आणि फोटो कराराला जोडलेले. मामेभावाच्या पश्चात त्याच्या मुलांवर करार बंधनकारक राहील हेही लिहा, आणि त्याच्या मुलांना सह्या करताना समोर बसवा. तुम्हा दोघांचं बालपण एकत्र गेलं असेल, त्याच्या मुलांचं आणि तुमचं तसं नाही.

आणि वहिनी. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय: 'जेवणाचं वहिनी बघतील.' त्यांना कुणी विचारलंय का? शनिवारी दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत आठ माणसांचा चहा, नाश्ता, दोन जेवणं, भाकऱ्या, मागाहून पडलेली भांडी, शिवाय रात्री अकराला 'अजून थोडा रस्सा मिळेल का' म्हणून येणारा पाहुणा. हे सगळं शेतीच्या कामाच्या वर. लावणीच्या दिवसांत तर त्या सकाळपासून चिखलात असतील, आणि पाहुणे नेमके पावसाळ्यातच जास्त येतील. या धंद्याची सगळी मदार जेवणावर असते. पाहुणे खोलीचे फोटो बघून येतात आणि जेवणाची आठवण काढत परत येतात. तेव्हा ज्या हातांवर धंदा उभा राहायचा, ते हात करारात दिसले पाहिजेत. माझी सूचना: जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्यापासून वेगळे ठेवा, दर वहिनींनी ठरवावा, आणि ते पैसे थेट त्यांच्या बँक खात्यात जावेत. मदतीला पाड्यावरची एखादी बाई लागली तर तिची मजुरी धंद्याच्या खर्चातून निघावी. आणि 'या शनिवारी जमणार नाही' असं म्हणायचा अधिकार वहिनींना असावा. त्यांनी नको म्हटलं, तर जेवणाची दुसरी सोय झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे बोलणं मामेभावामार्फत करू नका. तुमच्या पत्नीला घेऊन जा आणि चौघं समोरासमोर बसा.

आता आकड्यांकडे येऊ. महिन्याच्या वीस रात्री हा आकडा विसरा. शहापूरला येणारा पाहुणा ठाणे, कल्याण, मुंबई, नवी मुंबईचा नोकरदार आहे. तो शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी येतो. वर्षातले सगळे शुक्रवार-शनिवार मिळून एकशे चार रात्री होतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या, शंभर रात्री, भरल्या असं धरू. दर चार हजार धरू, कारण सुरुवातीला पाच मिळणं कठीण. दोन घरांचे वर्षाचे आठ लाख. आता खर्चाचे माझे अंदाज, तुम्ही तिथले आकडे घालून बघा. बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळाचं पंधरा टक्के कमिशन, एक लाख वीस हजार. देखरेखीला आणि साफसफाईला एक माणूस दहा हजार महिना, एक लाख वीस हजार. चादरी धुणं, साबण, चहा-नाश्ता रात्रीमागे सहाशे, एक लाख वीस हजार. वीज, पाणी, इंटरनेट महिना सहा हजार, बहात्तर हजार. रंग, गंज, गळती, मोटार, चाळीस हजार. मामेभावाचा वीस टक्के वाटा, एक लाख साठ हजार. बेरीज सहा लाख बत्तीस हजार. तुमच्या हाती वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार, महिन्याला चौदा हजार. हे सगळं चांगलं चाललं तर. रात्री शंभराऐवजी सत्तर भरल्या, तर हातात वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, महिन्याला चार हजार उरतात. अठरा लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाला एक लाख सतरा हजार येतात, आणि मुद्दल जागेवर राहतं. घरं मात्र दरवर्षी जुनी होत जाणार. त्यातून घरभाड्यावर मालकाला मिळणारी तीस टक्क्यांची सरसकट वजावट इथे मिळेल असं धरू नका. हे धंद्याचं उत्पन्न धरलं जाईल, म्हणून प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी लागेल.

पत्नीचं म्हणणं तुम्ही 'भित्रेपणा' या शब्दाने लिहिलंय. आकडे मांडल्यावर मला तो भित्रेपणा वाटत नाही.

जागेबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. विक्रेते डोंगराच्या कुशीतली जागा सुचवतात, कारण फोटो छान येतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, ते आपल्यापासून फार दूर घडलं नाही. चढाच्या पायथ्याशी आणि ओढ्याच्या काठाला घर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याचं घर तापतं, तेव्हा भिंतींत पफ पॅनल (आत उष्णता अडवणारा फोम असलेले पत्रे) आणि वर वेगळं छप्पर हवंच. विजेचा अर्थिंग नीट हवा. शेतीपंपाच्या जोडणीवरून एसी चालवला तर तो वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने वसुली होते. महावितरणकडून वेगळी जोडणी घ्या. पाण्याचा विचार तर सगळ्यात आधी करा. तानसा, मोडकसागर, भातसा या इथल्या धरणांच्या पाण्यावर आपली शहरं जगतात, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन उभ्या असतात. अशा गावात पाहुण्यांसाठी पोहण्याचं टाकं भरणं मला मान्य नाही, आणि गावालाही होणार नाही. छपराचं पावसाचं पाणी साठवा, सांडपाण्याला शोषखड्डा करा, आणि उन्हाळ्याचे दोन महिने घरं बंद ठेवायची तयारी ठेवा. वरच्या हिशेबातून तेवढ्या रात्री वजाही करा.

मला आणखी एक विचारायचं आहे. तुम्हाला भाडं हवंय की गावाकडे जायला निमित्त हवंय? पत्रात दोन्ही दिसतं. कसाऱ्याच्या नाही तर आसनगावच्या गाडीने लहानपणी मामाकडे जायचात असं तुम्ही दोन ओळीत लिहून सोडून दिलंय. नोकरी अचानक सुटलेल्या माणसाला सकाळी उठून कुठेतरी जायला हवं असतं, आणि ते हवं असण्यात काहीही वावगं नाही. पण तसं असेल तर तेही खर्चाच्या बाजूला लिहा आणि त्याला साजेसेच पैसे घाला. एक घर ठेवा, अठरातले निम्मेही त्यात जाऊ देऊ नका, आणि महिन्याला चार हजार मिळाले तरी समाधान मानायची तयारी ठेवा.

निखळ भाडं हवं असेल, तर बिनजमिनीच्या छोट्या घरांचा एक धंदा आपल्याकडे कधीचा चालू आहे. तो कुणी व्हिडिओत दाखवत नाही. बांधकामाच्या साइटवर इंजिनिअरचं ऑफिस, सुरक्षारक्षकाची चौकी, मजुरांची शौचालयं ज्या पोर्टा केबिनमध्ये असतात, त्या केबिनी कंत्राटदार बहुतेक भाड्याने घेतात. घर तुमचं, जमीन गिऱ्हाइकाची, आणि परवानगीची जबाबदारी साइटची. घोडबंदर रोडला, भिवंडीच्या गोदामांकडे, तळोजा-महापे औद्योगिक पट्ट्यात, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाभोवती उलवे-पनवेलकडे कामं चालूच आहेत. या केबिनीला एसी, लाकडी डेक, रंगीत दिवे काही लागत नाही, म्हणून ती पाहुण्यांच्या घरापेक्षा बरीच स्वस्त पडते. भाडं महिन्याचं असतं, शनिवारवर अवलंबून नसतं. अडचणी वेगळ्या आहेत: कंत्राटदार भाडं थकवतात, केबिन ठोकून-वाकवून परत देतात, आणि दोन कामांच्या मध्ये ती उभी करायला यार्डात जागा लागते. तीन महिन्यांची अनामत घ्या, ने-आणीचा खर्च गिऱ्हाइकावर ठेवा, केबिनीवर क्रमांक आणि तुमचं नाव रंगवा, आणि मोठ्या कंपन्यांना जीएसटीचं बिल लागतं याची सोय करा. तुमची पंचवीस वर्षं खरेदी विभागात गेली आहेत. कोण पैसे देणारा आणि कोण बुडवणारा, हे ओळखायचा सराव तुमच्याइतका कुणाला असेल? तुमच्या शहापूरच्या बेतात ते कौशल्य कुठेच वापरलं जात नाही, हे मला खटकलं. आधी चार यार्डांत जाऊन भाव विचारा. एखादा मोठा यार्डवाला तुमची केबिन त्याच्या ताफ्यात ठेवून वाटा द्यायला तयार होतो का, तेही बघा.

ज्या वाचकांना धंदा नको आणि फक्त भाड्याचा वाटा हवा, त्यांच्यासाठी शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट. ऐरोलीतल्या ऑफिस पार्कांचं भाडं ज्यात जमा होतं असा माइंडस्पेस रीट २०२० मध्ये बाजारात आला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने रीटला वाटण्याजोग्या रकमेतली किमान नव्वद टक्के रक्कम गुंतवणूकदारांना द्यावी लागते. युनिटचा भाव खालीवर होतो, म्हणून सगळे पैसे त्यात घालू नका. ठाण्यात फ्लॅट भाड्याने घेऊन पुढे पाहुण्यांना देण्याच्या नादाला मात्र लागू नका. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि सोसायटी दुसऱ्याच महिन्यात दारात उभी राहते.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवते. मुलाच्या उरलेल्या दोन वर्षांची फी आणि एका वर्षाचा घरखर्च आधी वेगळा काढा. त्याला हात लावू नका. मग सातबारा आणि फेरफार. मग चौघांचं बोलणं. त्यानंतर शहापूर-मुरबाडकडच्या नोंदणी असलेल्या एक-दोन कृषी पर्यटन केंद्रांत पाहुणे म्हणून राहून या, आणि मालकाला शनिवारचं विचारू नका, मंगळवारी काय चालतं ते विचारा. चालू केंद्रात तुमचं एक घर ठेवून वाटा घेता येतो का, हेही तिथेच बोला. रस्ता, पाणी, नोंदणी, स्वयंपाक सगळं तयार असल्याने पहिल्या वर्षाचा अनुभव कमी जोखमीत मिळेल, आणि मामेभावाशी असलेलं नातं त्या वर्षात पणाला लागणार नाही.

टोकन अजून दिलं नसेल तर देऊ नका. महिनाअखेरची सवलत पुढच्या महिन्यातही असते. दिलं असेल, तर ते परत मिळतं का हे विक्रेत्याला आजच ईमेलवर विचारा. परत मिळत नसेल, तर दोनऐवजी एकाच घराची मागणी करा, ते दिवाळीनंतर वाट सुकल्यावर घेईन असं लेखी ठरवा, आणि उरलेली रक्कम घर प्रत्यक्ष जागेवर उतरून पाण्याची-विजेची चाचणी झाल्याशिवाय पूर्ण देऊ नका.